पेल्विक फ्लोअरची तपासणी : प्रत्येक हाताचा निष्कर्ष वेगळा का येतो?

पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणाऱ्या स्नायूंच्या तपासणीविषयी या वेळी बरीच पत्रे आली. काही रुग्णांची आहेत, काही डॉक्टरांची आणि फिजिओथेरपिस्टची. विषय एकच असल्याने ती एकत्र घेतली असून, जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकताना आणि शिंकताना लघवी गळू लागली, म्हणून मी तपासून घेतले. पहिल्या ठिकाणी स्नायूंची ताकद ‘२’ असल्याचे सांगून व्यायाम दिले. काही आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी तपासले, तेव्हा कागदावर ‘४’ लिहिले गेले. गळती मात्र जवळपास तशीच आहे. ही सुधारणा समजायची, की दोघींपैकी एकीचे चुकले?

उत्तर : दोघींनीही प्रामाणिकपणे तपासले असेल, तरीही या दोन आकड्यांची वजाबाकी करून तुमच्या हाती काही लागणार नाही. तुमच्या कागदावरचे आकडे बहुधा सुधारित ऑक्सफर्ड श्रेणीतले असावेत. या श्रेणीत ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे बोटाखाली जाणवणारी नुसती थरथर, २ म्हणजे क्षीण आकुंचन, ३ म्हणजे बोटाभोवती घट्ट होऊन आत आणि वर उचलले गेल्याची स्पष्ट जाणीव, ४ म्हणजे बोटाने थोडा विरोध केला तरी टिकणारी उचल आणि ५ म्हणजे जोरदार पकड. खरी अडचण २ आणि ३ यांच्या सीमेवर येते, कारण ‘उचल जाणवली’ हे तपासणाऱ्या व्यक्तीच्या बोटाचे मत असते. नॉर्वेतील फिजिओथेरपिस्ट कारी बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच श्रेणीची पारख केली, तेव्हा त्याच स्त्रियांना दोन प्रशिक्षित व्यक्तींनी दिलेले आकडे समाधानकारक जुळले नव्हते.

त्यात परिस्थितीची भर पडते. एकीने तुम्हांला उताणे झोपवून, गुडघे दुमडून तपासले असेल, तर दुसरीने पाय आधारावर ठेवून. एकीने नुसते ‘आवळा’ म्हटले असेल, दुसरीने ‘वायू सरताना थांबवतो तसे आवळा आणि आत ओढून घ्या’ असे सविस्तर सांगितले असेल. शिवाय पहिल्या तपासणीत बावरलेली स्त्री दुसऱ्या वेळी पुष्कळ सैलावलेली असते आणि मधल्या काळात नेमके काय आवळायचे हेही तिला उमगलेले असते.

गळती तशीच का, याचे उत्तर ताकदीबाहेरही असू शकते. स्नायू बळकट असूनही खोकल्याच्या क्षणाच्या आधी आवळला जात नसेल, तर गळती होतेच. ही वेळ साधण्याचा सराव वेगळा करावा लागतो. पुढच्या वेळी त्याच व्यक्तीकडून, त्याच स्थितीत तपासणी करून घ्यावी आणि आकड्याबरोबर आकुंचन किती सेकंद टिकले व नंतर स्नायू पूर्ण सैल झाला की नाही, हेही लिहून देण्याची विनंती करावी. अशी विनंती केल्याने कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्न : मी स्त्रीरोगशास्त्राची निवासी डॉक्टर आहे. गर्भाशय आणि अंडाशय कसे तपासायचे हे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते, पण वाटेतल्या स्नायूंचे कोणी नावही काढत नाही. ‘प्रमाणित तपासणी’ म्हणजे नेमके काय आणि ती कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. ज्या स्नायूंना ओलांडून बोट पुढे जाते, नेमके तेच तपासायचे राहून जातात. अनेक वर्षे ओटीपोट दुखते म्हणून सोनोग्राफीच्या फेऱ्या मारणाऱ्या स्त्रीच्या फाइलमध्ये या स्नायूंविषयी एक ओळही नसते, हे मी वारंवार पाहिले आहे.

प्रमाणित तपासणी म्हणजे स्थिती, शब्द, क्रम, दाब आणि नोंद या पाच गोष्टी सर्व तपासनिसांसाठी आधीच ठरवलेल्या असणे. मूत्राशय रिकामे असावे. स्त्रीने उताणे झोपून गुडघे दुमडावेत, डोक्याखाली उशी असावी. आधी फक्त पाहावे: आवळायला सांगितल्यावर योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत-वर सरकतो का, खोकल्यावर तो खाली ढकलला जातो का, कुंथल्यावर अंग बाहेर येते का. एवढ्या पाहण्यातच पुष्कळ कळते. आवळायला सांगितल्यावर तो भाग खाली फुगत असेल, तर ती स्त्री उलटेच करत आहे, हे आत बोट घालण्याआधीच समजते.

त्यानंतर हातमोजा घालून, जेली लावून, एकच बोट वापरावे. योनिद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर जघनास्थीच्या बाजूला १२ आणि गुदद्वाराच्या बाजूला ६ वाजतात. लिव्हेटर ॲनाय हा स्नायुसमूह खालच्या अर्ध्या भागात, साधारण ४ आणि ८ च्या सुमारास बोटाच्या पेराखाली येतो. ऑब्ट्यूरेटर इंटर्नस हा मांडी बाहेर वळवणारा स्नायू त्याच्या वर आणि बाहेरच्या अंगाला, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीवर असतो. तो सापडत नसेल, तर त्या बाजूच्या गुडघ्यावर आपला दुसरा हात ठेवून स्त्रीला गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगावे. बोटाखाली जो फुगून कडक होतो, तो ऑब्ट्यूरेटर. ही युक्ती शिकवायला एक मिनिट लागते आणि आयुष्यभर उपयोगी पडते.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली डाव्या-उजव्याची. समोरून तपासताना तबकडीवरचे ३ रुग्णाच्या डाव्या बाजूला येतात, म्हणून नोंद कायम ‘रुग्णाची डावी’ अशी करावी. नाहीतर एकाच टेबलाभोवती दोन डाव्या बाजू तयार होतात. दुसरी चूक अधिक फसवी आहे. बोटाचे पेर वर, म्हणजे १२ च्या दिशेला दाबले गेले, की मूत्रमार्ग आणि मूत्राशय चेपले जातात, स्त्रीला लघवीची घाई वाटते किंवा चुरचुरते, आणि ते स्नायूचे दुखणे म्हणून लिहिले जाते.

आकुंचन आधी तपासावे की वेदना, यावर जाणकारांत एकमत नाही. दाबून दुखावलेला स्नायू पुढे नीट आकुंचन पावत नाही, म्हणून मी आकुंचन आधी घेते. उलट क्रमाने शिकवणारेही माझ्या परिचयात आहेत आणि त्यांचीही कारणे आहेत. एका गटाने एकच क्रम पाळावा, एवढाच माझा आग्रह आहे. विश्रांतीच्या वेळचा ताण पाहून झाला की ठरलेल्या शब्दांत आवळायला सांगावे. पोट, नितंब आणि मांड्या मदतीला धावतात का, श्वास रोखला जातो का, हे त्याच वेळी पाहावे. ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट जो लेकॉक यांच्या ‘परफेक्ट’ पद्धतीत ताकद, टिकण्याचा काळ, पुनरावृत्ती आणि झटपट आकुंचने यांची नोंद ओळीने होते, त्यामुळे शिकणाऱ्यांना ती सोयीची वाटते. लघवी-शौचावरील नियंत्रणाच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय काँटिनन्स सोसायटीच्या २००५ च्या परिभाषेत तर आकुंचनासाठी अनुपस्थित, क्षीण, सामान्य, जोरदार एवढे चारच शब्द आहेत आणि शिथिलीकरणासाठी अनुपस्थित, अपूर्ण, पूर्ण हे तीन. नवख्या हातांनी सुरुवात या सात शब्दांनी केली तरी चालेल. शिथिलीकरणाचा रकाना मात्र कधीही रिकामा सोडू नये. सैलच न होणाऱ्या स्नायूला ताकद वाढवण्याचे व्यायाम दिले, तर दुखणे वाढण्याचाच संभव असतो.

वेदना तपासताना आधी मांडीसारख्या न दुखणाऱ्या जागी तेवढाच दाब देऊन दाखवावा, म्हणजे ‘नुसता दाब’ म्हणजे काय हे स्त्रीला कळते. मग चारही ठिकाणी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लिव्हेटर आणि ऑब्ट्यूरेटरवर, ठरलेल्या क्रमाने दाबून प्रत्येक जागी ० ते १० मधला आकडा विचारावा, आणि ‘तुम्हांला एरवी होते तेच हे दुखणे आहे का?’ हा प्रश्न न विसरता विचारावा. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आकड्यापेक्षा मोलाचे असते.

आणि शब्दांना कमी लेखू नका. अमेरिकेतील डॉक्टर बम्प आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितले, तेव्हा जेमतेम निम्म्या स्त्रियांना ते योग्य रीतीने जमले आणि सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया गळती वाढेल अशा पद्धतीने जोर लावत होत्या.

प्रश्न : आमच्या संस्थेत एका अभ्यासासाठी वेगवेगळ्या शाखांतील डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांना ही तपासणी शिकवायची आहे. दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल का? मॉडेलवर शिकवले तर चालेल का? आणि एखादी व्यक्ती तयार झाली, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : दोन दिवसांत हात कुठे ठेवायचा हे शिकवून होते. तो हात विश्वासार्ह झाला की नाही, हे दोन दिवसांत कळत नाही. म्हणून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवाव्यात.

कार्यशाळेआधी लेखी पुस्तिका तयार हवी. तिच्यात स्त्रीशी बोलायची वाक्ये जशीच्या तशी छापलेली असावीत, ‘योग्य सूचना द्याव्यात’ असे मोघम लिहून भागत नाही. प्रत्येकाने ती वाक्ये मोठ्याने म्हणून दाखवावीत. सुरुवातीला सर्वांना हसू येते, पण एकच सूचना किती जण किती तऱ्हांनी देतात, हे तेव्हाच लक्षात येते.

दाबाचा सराव साध्या डिजिटल वजनकाट्यावर करून घ्यावा. पुस्तिकेत ठरलेले वजन गाठेपर्यंत तर्जनीने काट्यावर दाबायचे, मग आकडा झाकून तोच दाब पुन्हा द्यायचा आणि सोबत्याने काय भरले ते वाचायचे. पहिल्या फेरीत दोन व्यक्तींच्या दाबांत दुपटीचा फरक दिसला, तरी नवल वाटू देऊ नका. काटा टणक असतो आणि स्नायू मऊ, बोटाचा कोनही वेगळा असतो; त्यामुळे काट्यावरचे यश म्हणजे शरीरावरचे यश नव्हे. तरीही ज्यांचा दाब काट्यावरच स्थिर नाही, त्यांना पुढे पाठवू नये.

मॉडेलविषयी माझे मत स्पष्ट आहे. खुणा, क्रम, हाताची ठेवण आणि बोलणे यांसाठी ते उत्तम आहे, कारण त्यावर कितीही वेळा चुकता येते. पण साधे मॉडेल आवळत नाही, दुखले असे सांगत नाही, नको म्हणत नाही. म्हणून त्यानंतरचा टप्पा प्रशिक्षित सहशिक्षिकांचा असावा. स्वतःच्या शरीरावर तपासणी शिकवणाऱ्या या स्त्रिया वैद्यकीय शिक्षणात नव्या नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात रॉबर्ट क्रेट्शमार यांनी १९६८ मध्ये स्त्रीरोग तपासणीच्या शिक्षणात त्यांचा सहभाग सुरू केला होता. ‘आता तुमचे बोट मूत्रमार्गावर आहे’, ‘डावीकडे दिलात त्याच्या निम्माच दाब उजवीकडे आहे’, अशी दुरुस्ती जागच्या जागी करणारा दुसरा शिक्षक नाही. त्यांना योग्य मानधन, तपासणी कधीही थांबवण्याचा अधिकार आणि दिवसाला तपासण्यांची मर्यादा हवी. ही मर्यादा सौजन्याची आहेच, पण शास्त्राचीही आहे, कारण वारंवार आवळून स्नायू थकतो आणि वारंवार दाबून हळवा होतो. मग शेवटच्या शिकाऊ व्यक्तीला पहिलीपेक्षा वेगळाच स्नायू तपासावा लागतो.

तयारी ठरवण्यासाठी दुहेरी तपासणीला पर्याय नाही. प्रशिक्षक आणि शिकणारी व्यक्ती यांनी त्याच स्त्रीला, तिच्या संमतीने, एकमेकांची नोंद न पाहता, मध्ये पुरेशी विश्रांती ठेवून तपासावे. आधी कोण, हे आळीपाळीने बदलावे. नंतर नोंदी शेजारी ठेवाव्यात.

इथे टक्केवारीवर भाळू नये. समजा, १०० स्त्रियांपैकी ८० जणींना दुखते असे प्रशिक्षकाने लिहिले आणि शिकणाऱ्यानेही ८० जणींना लिहिले, पण सगळ्या त्याच स्त्रिया नव्हेत. दोघांचे एकूण मत ८० ठिकाणी जुळले. ८० टक्के जुळणी ऐकायला छान वाटते. परंतु दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी नुसत्या योगायोगाने ६८ टक्के जुळणी झाली असती. योगायोगापलीकडे उरलेल्या ३२ टक्क्यांपैकी फक्त १२ कमावले गेले, म्हणजे जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कप्पा या मापाने ०.३७५. लँडिस आणि कोख यांच्या १९७७ च्या सर्वपरिचित वर्गवारीत हे ‘बऱ्यापैकी’च्या वर जात नाही, ०.६१ पासून पुढे भरीव जुळणी मानतात. किती कप्पा आला म्हणजे उत्तीर्ण, हे निकाल हाती येण्याआधी ठरवून लिहून ठेवावे. नंतर ठरवले, की माणूस दयाळू होतो.

० ते ५ अशा श्रेणीला भारित कप्पा, म्हणजे लहान-मोठ्या चुकांना कमी-जास्त वजन देणारा कप्पा, वापरावा, कारण २ ऐवजी ३ लिहिणे आणि १ ऐवजी ५ लिहिणे या सारख्या चुका नव्हेत. त्याहून उपयोगाचे म्हणजे चुकांची दिशा पाहणे. एखादी व्यक्ती सतत एक आकडा वर देत असेल, तर तिच्याशी बसून बोलल्यावर ते सहसा सुधारते. चुका कधी वर, कधी खाली अशा विखुरलेल्या असतील आणि त्या सर्वांच्याच असतील, तर दोष पुस्तिकेतील व्याख्येत आहे, माणसांत नाही. तो भाग नव्याने लिहावा.

एक गोष्ट ऐकून अनेक ज्येष्ठांना राग येतो, तरी लिहिते. नवख्या हातांना शिकवणे सोपे असते, वीस वर्षांच्या सवयीला मुरड घालणे अवघड. अनुभवी व्यक्तीला कार्यशाळेतून सूट देण्याचा मोह टाळावा. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही हात हळूहळू आपल्या जुन्या वळणावर जातो, म्हणून अभ्यास चालू असताना ठरावीक काळाने दुहेरी तपासणी पुन्हा घ्यावी आणि तिची तारीख पुस्तिकेतच नमूद असावी.

प्रश्न : शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या रुग्णावर विद्यार्थ्यांनी ही तपासणी शिकली, तर कोणालाच संकोच होणार नाही, असे आमच्या एका शिक्षकांचे म्हणणे आहे. हे कितपत योग्य?

उत्तर : अजिबात योग्य नाही. रुग्णाने या विशिष्ट शिकण्यासाठी आधी स्पष्ट संमती दिलेली नसेल, तर हा तिच्या शरीरावरील अधिकाराचा भंग आहे. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य विभागाने रुग्णालयांना यासाठी लेखी, माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक असल्याचे बजावले, कारण ही प्रथा तिथेही वर्षानुवर्षे चालत आली होती. पण नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी शिकण्याच्या दृष्टीने काय मिळणार? भुलीखाली स्नायू सैल पडलेला असतो, सांगून आवळला जात नाही आणि कुठे दुखते ते कोणी सांगू शकत नाही. संकोच कसा हाताळायचा, हा तर या प्रशिक्षणाचा गाभाच आहे. तो टाळून कसे चालेल?

जाग्या रुग्णाशी वागण्याचे नियमही पुस्तिकेत तितक्याच काटेकोरपणे लिहावेत. काय करणार आणि का, हे कपडे उतरवण्याआधी, समोरासमोर बसून सांगावे. सोबतीला स्त्री कर्मचारी हवी का, ते विचारावे. ‘थांबा’ म्हटल्यावर बोट लगेच स्थिर करून, स्त्री म्हणेल तर बाहेर काढावे. ‘झालंच आता’ म्हणत पुढे जाऊ नये. पूर्वी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया ते सांगतीलच असे नाही, म्हणून ही काळजी सर्वांच्याच बाबतीत घ्यावी. संसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण, कारण न कळलेला रक्तस्राव, किंवा बोटाच्या स्पर्शानेही असह्य दुखणे असेल, तर आतून तपासणी पुढे ढकलावी. नकार मिळाला तर ‘तपासणी झाली नाही, रुग्णाची इच्छा नव्हती’ एवढेच लिहावे. अभ्यासात तो रकाना भरावा म्हणून आग्रह करणारा तपासनीस, त्याचा कप्पा कितीही चांगला असो, उत्तीर्ण धरू नये.

प्रश्न : पुरुषांनाही हे स्नायू असतात ना? मग त्यांची तपासणी कशी होते?

उत्तर : असतात, आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची गळती किंवा ओटीपोटाचे जुनाट दुखणे यांत त्यांची तपासणी महत्त्वाची ठरते. ती गुदमार्गातून होते. एका कुशीवर झोपवून, आधी बाहेरून पाहून मगच बोट आत घ्यावे. संमती, शब्द, क्रम आणि नोंद यांचे नियम तेच. योग्य आकुंचनाच्या वेळी शिश्नाचे मूळ किंचित आत ओढले जाते आणि वृषण वर सरकतात, हे रुग्णाला स्वतःलाही पाहता येते. कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत तबकडी फिरते, त्यामुळे डाव्या-उजव्याची चूक इथे अधिक होते. प्रशिक्षणात या स्थितीचा सराव वेगळा घ्यावा.

प्रश्न : बोटाच्या मतावर एवढे वाद होतात, तर सरळ यंत्रानेच का मोजू नये?

उत्तर : यंत्रे आहेत आणि जुनी आहेत. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामांविषयी लिहिले, तेव्हा योनीतील दाब मोजणारे पेरिनोमीटर त्यांच्याजवळ होते. पण दाब मोजणाऱ्या यंत्राला तो दाब स्नायूने आणला की पोटाने, हे कळत नाही; कुंथले तरी काटा चढतो. म्हणून आकडा वाचण्याआधी तो भाग आत सरकला का, हे कोणीतरी पाहावेच लागते. स्नायूंतील विद्युत संदेश टिपणाऱ्या संवेदकांना शेजारच्या स्नायूंचेही संदेश ऐकू येतात. अल्ट्रासाउंड पुष्कळ दाखवते, विशेषतः बाळंतपणात लिव्हेटर स्नायू जघनास्थीपासून सुटला असेल तर. पण कुठे दुखते हे ते सांगत नाही. विश्रांतीचा ताण, दोन्ही बाजूंतला फरक, सुटलेल्या स्नायूच्या जागची पोकळी, दुखरी जागा आणि आकुंचन, हे सर्व एका बैठकीत बोटालाच कळते.

अल्ट्रासाउंडचा मला दिसणारा सर्वांत चांगला उपयोग शिकवण्याचा आहे. खालच्या पोटावर प्रोब ठेवून, थोडे भरलेले मूत्राशय पडद्यावर आणले, की योग्य आकुंचनाच्या वेळी त्याचा तळ वर उचलला जाताना दिसतो आणि कुंथल्यावर खाली जातो. एका शिकणाऱ्याने बोटाने आकुंचन ‘३’ असे सांगायचे, दुसऱ्याने त्याच वेळी पडद्यावर पाहायचे. बोटाला उचल जाणवली आणि पडद्यावर तळ खाली गेला, तर चर्चा लगेच, त्याच टेबलाशी, स्त्रीलाही सामील करून घ्यावी. आतून तपासणी नको असलेल्या स्त्रीसाठीही हाच मार्ग खुला राहतो. फक्त त्यातून वेदनेची नोंद होत नाही, एवढे कागदावर लिहून ठेवावे.